चाळिसाव्या मिनिटाला

संध्याकाळचे सव्वासात वाजले होते आणि आम्ही दोघं एका बिघाडाची वाट बघत बसलो होतो.

पुण्यात नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर आप्पांची खोली आहे. खिडकीला लागून लांब सागवानी टेबल, त्यावर रबरी चटई, आणि चटईवर सत्तरच्या दशकातला एक परदेशी ऑसिलोस्कोप. पडद्यावर एक हिरवी रेघ निवांत पडलेली. आप्पांच्या हातात वही, माझ्या हातात चहाचा कप. पस्तीस मिनिटं झाली, अडतीस झाली. चाळिसाव्या मिनिटाला रेघ किंचित थरथरली, हळूहळू वर सरकली आणि पडद्याच्या वरच्या कडेतून निघून गेली.

"आला बघ," आप्पा म्हणाले.

गेली होती रेघ. आला होता तो फॉल्ट. त्याच्यासाठी आमची ही तिसरी संध्याकाळ होती.

आप्पा एका प्रयोगशाळेच्या उपकरण विभागात नोकरीला होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कॉलेजातले, छोट्या कारखान्यांतले आणि हौसेनं जुनी उपकरणं जमवणारे लोक अजून त्यांचा जिना चढतात. येणाऱ्यांची तक्रार बहुधा एकाच वाक्यात असते: "आप्पा, मधूनच जातं हो." हे 'मधूनच' म्हणजे दुरुस्तीच्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम. पूर्ण बंद पडलेलं यंत्र परवडलं. तिथे जळलेला रेझिस्टन्स असतो, फुगलेला कंडेन्सर असतो, उडालेला फ्यूज असतो. मीटर लावला की दोष आहे तिथेच सापडतो. मधूनच जाणारं यंत्र मात्र मेकॅनिक समोर आला की शहाण्यासारखं चालायला लागतं. घरचा टीव्ही दुरुस्त करायला बोलावलेला माणूस दारात आला, की चित्र स्वच्छ दिसायला लागायचं, हा अनुभव माझ्या पिढीत प्रत्येकाच्या घरी आहे.

आप्पांकडे मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला एकच नियम सांगितला. "आपोआप बरा झालेला फॉल्ट आपोआप परत येतो. तो बरा झाला असं म्हणायचा अधिकार आपल्याला कधी, तर तो का झाला होता हे दाखवता आलं तर." पुढच्या काही महिन्यांत मी जे बघितलं ते सगळं याच दोन वाक्यांचं विवरण होतं.

ऑसिलोस्कोप म्हणजे वीज डोळ्यांना दाखवणारं यंत्र. आपल्या कॉलेजांतून त्याला सीआरओ म्हणतात. व्होल्टेज क्षणाक्षणाला कसं चढतं-उतरतं, ते त्याच्या पडद्यावर रेघेनं काढलं जातं. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४६ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला हॉवर्ड व्होलम, जॅक मर्डॉक आणि त्यांच्या सोबत्यांनी टेक्ट्रॉनिक्स ही कंपनी काढली आणि १९४७ मध्ये ५११ हा स्कोप बाजारात आणला. त्यापुढची तीस-चाळीस वर्षं जगभरच्या प्रयोगशाळांत या कंपनीचा शब्द चालला. १९७२ चा ४६५ हा तर उचलून नेता येणारा, दोन चॅनेलचा, १०० मेगाहर्ट्झचा स्कोप. पन्नास वर्षांनीही तो अनेकांच्या टेबलावर चालू आहे.

ही यंत्रं दुरुस्त होण्यासाठीच बनवली होती, आणि मला त्यांच्याबद्दल जी माया वाटते ती यामुळे. जुन्या ५०० मालिकेतल्या स्कोपमध्ये सुटे भाग चिनी मातीच्या पट्ट्यांवर जोडलेले असत. त्या पट्ट्यांच्या खाचांना चांदीचा मुलामा असे. साध्या शिसे-कथलाच्या डाखानं तिथे पुन्हा पुन्हा जोडकाम केलं तर ती चांदी डाखात विरघळते आणि मुलामा सुटतो. म्हणून थोडी चांदी मिसळलेल्या डाखाची एक छोटी गुंडाळी कारखान्यातूनच यंत्राच्या पोटात ठेवून दिलेली असायची. वीस वर्षांनी कुणीतरी अनोळखी माणूस हे यंत्र उघडेल, त्याच्या हाताशी बरोबर सामान असावं, एवढा विचार ते बनवणाऱ्यांनी केला होता. सोबतच्या जाड मॅन्युअलमध्ये प्रत्येक सर्किटचा नकाशा, जागोजागची व्होल्टेजं, तिथे दिसायला हवेत ते तरंग आणि प्रत्येक भाग काय काम करतो याचं साध्या भाषेतलं वर्णन. आप्पांनी मला पहिले आठ दिवस स्क्रू-ड्रायव्हरला हात लावू दिला नाही. मॅन्युअल वाचायला लावलं.

समोरच्या टेबलावरचा स्कोप एका कॉलेजच्या लिलावातून भंगारात आला होता. तो कुणी बनवला हे मी लिहीत नाही. अर्धशतक चाललेल्या यंत्राचा एखादा टाका सुटला तर तो बनवणाऱ्याचा दोष नव्हे.

आता असे दोष येतात कुठून? बहुतेक वेळा उत्तर एका शब्दात असतं: सांधा. दोन धातू जिथे एकमेकांना टेकतात किंवा डाखानं जोडलेले असतात, तिथे.

आधी टेकणाऱ्या सांध्यांचं बघू. स्विच, सॉकेट, कनेक्टर. चांदीवर हवेतल्या गंधकामुळे काळा थर चढतो, कथलावर ऑक्साइडचा पापुद्रा येतो. मोठा करंट असेल तर तो थर फोडून वीज पलीकडे जाते. पण मापनयंत्रात खेळ असतो मिलिव्होल्टचा आणि मायक्रोअँपिअरचा. तेवढ्याला तो पापुद्रा भिंतीसारखा असतो. आणि इथे एक विलक्षण गोष्ट होते. संशय येऊन तुम्ही मल्टिमीटर ओहमवर लावला, की मीटर स्वतःचं थोडं व्होल्टेज त्या सांध्यावर टाकतो, थर फुटतो आणि सांधा बरा होतो. कधी तासाभरासाठी, कधी महिनाभर. तपासणीनंच दोष नाहीसा झाला आणि हातात काहीच उरलं नाही. प्रोबचंही तसंच. स्कोपच्या प्रोबला स्वतःची दहा-पंधरा पिकोफॅरड धारिता असते. एखादं सर्किट मधूनच बेताल आंदोलनं करत असेल, तर प्रोब टेकवताक्षणी ती आंदोलनं थांबू शकतात. हात काढला की पुन्हा सुरू.

दुसरा प्रकार डाखाचा. आपले मेकॅनिक 'ड्राय सोल्डर' म्हणतात, पण त्या एका नावाखाली दोन वेगळे आजार आहेत. एकात पहिल्या दिवशीच डाख नीट धरलेला नसतो. दुसऱ्यात डाख उत्तम असतो आणि वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्यानं थकतो. तांबं दर अंश सेल्सियसला दहा लाखात सुमारे १७ भाग वाढतं, डाख सुमारे २४, आणि सर्किट बोर्ड जाडीच्या दिशेनं याच्या दुपटीहून अधिक. यंत्र चालू केलं की तिघं आपापल्या गतीनं फुगतात, बंद केलं की आकसतात. रोज एकदा असं पन्नास वर्षं झालं, की पिनेभोवती गोल चीर पडते. थंड असताना चिरेच्या कडा एकमेकींना टेकलेल्या असतात, यंत्र चालतं. तापलं की केसाच्या शंभराव्या हिश्शाएवढी फट पडते आणि रेघ जाते. म्हणून 'किती वेळानं जातं?' हा आप्पांचा प्रत्येक आलेल्या माणसाला पहिला प्रश्न असतो. चाळीस मिनिटं म्हणजे उष्णता. ट्रॅफिकमध्ये नेऊन आणल्यावर म्हणजे धक्का. आषाढ लागला की म्हणजे ओल.

या ओलीचा अनुभव आपल्याकडे फार मोठा आहे. जुन्या कागदी बोर्डांवर वर्षानुवर्षांची धूळ बसते, किनाऱ्याच्या हवेत तिच्यात मीठ असतं. कोरड्या दिवसांत ती निरुपद्रवी. पाऊस सुरू झाला, की ती धूळ पाणी धरते आणि जिथे वीज वाहायला नको तिथून थोडी थोडी गळायला लागते. मुंबईहून आलेलं एक उपकरण आप्पांकडे पुण्याच्या मे महिन्यात तीन आठवडे बिनतक्रार चाललं होतं. शेवटी त्यांनी ते आंघोळीच्या खोलीत, गरम पाण्याची बादली भरून ठेवून, चालू न करता तासभर ठेवलं. मग बाहेर आणून, वरून पुसून, लगेच सुरू केलं. दोष हजर. कोमट पाणी आणि मऊ ब्रशनं बोर्ड धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून, दोन दिवस उन्हात आणि पंख्याखाली वाळवला. विषय संपला.

तिसरा प्रकार मला सगळ्यात अद्भुत वाटतो. शुद्ध कथलाचा मुलामा दिलेल्या पृष्ठभागातून आपोआप केस उगवतात. जाडी मायक्रॉनमध्ये, लांबी कधीकधी मिलिमीटर किंवा अधिक. माती नाही, पाणी नाही, धातूच्या आतल्या ताणातून धातूच बाहेर येतो. हा केस शेजारच्या तारेला टेकला की शॉर्ट. करंट जास्त असेल तर केस तिथल्या तिथे जळून जातो आणि पुरावा म्हणून काहीही मागे ठेवत नाही. साठच्या दशकातल्या एएफ११४ ते एएफ११७ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरांच्या धातूच्या टोपीत आतल्या आत असे केस वाढतात. पन्नास वर्षं कपाटात न वापरता ठेवलेला ट्रान्झिस्टरही त्यामुळे शॉर्ट निघतो. कथलात थोडं शिसं मिसळलं तर हे केस सहसा वाढत नाहीत, हे बेल लॅब्जनं पन्नासच्या दशकातच दाखवलं होतं. पुढे मे १९९८ मध्ये गॅलेक्सी ४ हा उपग्रह निकामी होऊन अमेरिकेतले बहुसंख्य पेजर मुके झाले, तेव्हा त्यामागेही असा कथलाचा केसच असल्याचा निष्कर्ष निघाला. जुन्या यंत्राच्या पोटात भिंग घेऊन डोकावताना ही गोष्ट मला प्रत्येक वेळी आठवते.

टँटलम कंडेन्सरचं थोडक्यात सांगते: शेंगदाण्याएवढे थेंब, पॉवर सप्लायच्या वाटांवर जागोजाग, म्हातारपणी शॉर्ट होण्यात अग्रेसर. कधी पूर्ण शॉर्ट, कधी क्षणभर होऊन पुन्हा सावरतात. म्हणून सगळ्यात आधी पॉवर सप्लाय. ४६५ मध्ये ५५ व्होल्टच्या पुरवठ्याच्या आधारावर बाकीचे पुरवठे ठरतात. तोच डळमळीत असेल तर बाकी ठिकाणी शोधणं म्हणजे पाया न बघता भिंतीला गिलावा करणं. आमच्या स्कोपचे सगळे पुरवठे आप्पांनी पहिल्या संध्याकाळी वहीत लिहून ठेवले. रेघ असताना आणि रेघ गेल्यावर. आकडे तेच. पाया शाबूत होता.

वहीबद्दल सांगायला हवं. शाळेची दोनशे पानी वही, उभ्या चार रेघा मारलेल्या. तारीख आणि वेळ, काय केलं, काय दिसलं, आणि चौथ्या रकान्याला शीर्षक 'निकाल'. चौथा रकाना बहुतेक ठिकाणी कोराच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती लिहायची, हा दंडक. "घाईघाईत पाच गोष्टी केल्या आणि चालू झालं, तर काय शिकलास? शून्य," असं ते एका मुलाला बोलताना मी ऐकलं. बोर्डावरचे सगळेच सांधे सरसकट पुन्हा डाखणारे लोक आहेत, आणि कधीकधी त्यांचं यंत्र चालूही होतं. मला ते पटत नाही. शेकडो सांध्यांना गरम सोल्डरिंग आयर्न लावताना जुन्या बोर्डाचे दोन-चार ट्रॅक उखडतात, आणि मूळ दोष कुठे होता हे कायमचं पुसलं जातं.

आमचा स्कोप उघडला आणि पहिलीच अडचण आली. पत्र्याचं आवरण काढल्यावर दोष यायचाच बंद झाला. दीड तास झाला तरी रेघ जागची हलेना. आवरण नाही म्हणून आतली हवा तापत नव्हती. आप्पांनी मिक्सरचं रिकामं खोकं आणलं, त्याला समोरून पडद्यापुरती आणि बाजूनं हात जाण्यापुरती खिडकी कापली, आत थर्मामीटरची तार सोडली आणि खोकं यंत्रावर पालथं घातलं. आतलं तापमान ४१ अंशांवर गेलं आणि रेघ वर सरकली. आता दोष आमच्या हुकमतीत आला होता. खोकं ठेवलं की येतो, काढलं की जातो. असं खोकं घालून यंत्र सोडून उठायचं मात्र नाही, हे त्यांनी मला दोनदा बजावलं.

रेघ दिसत नसताना 'बीम फाइंड' नावाचं बटण दाबलं, की ती कुठे हरवली आहे ते कळतं. ती वरच्या कडेला सापडली. म्हणजे पडद्याची नळी, तिचं हजारो व्होल्टचं सर्किट, रेघ आडवी ओढणारा भाग, सगळे निर्दोष. दोन्ही चॅनेलवर तेच होत होतं, म्हणजे दोघांच्या वाटा एकत्र झाल्यावरच्या भागात खोट.

इथे आप्पांनी जी युक्ती वापरली ती मी जन्मभर विसरणार नाही. रेघ वर-खाली हलवणारा सिग्नल दोन तारांवरून जोडीनं जातो. एकीवर व्होल्टेज चढतं तेव्हा दुसरीवर तेवढंच उतरतं. दोघींत फरक नसेल तर रेघ मध्यावर राहते. मॅन्युअल बघून, जिथे असं करणं सुरक्षित आहे तिथेच, दोन्ही तारा क्षणभर एकमेकींना जोडायच्या. रेघ मध्यावर आली, तर तिथून पडद्यापर्यंतचा रस्ता ठीक आणि दोष त्याच्या अलीकडे. मग एक पायरी मागे. पुन्हा जोडायच्या. आली मध्यावर. आणखी मागे. सिग्नलला किंचित उशीर लावणाऱ्या डिले लाइनच्या अलीकडच्या टप्प्यावर तारा जोडल्या आणि रेघ आलीच नाही. एवढ्या मोठ्या यंत्रातून संशयित उरले चार ट्रान्झिस्टर.

हे सगळं करताना आप्पांचा डावा हात पाठीमागे असतो. सवयीनं. दोन्ही हात यंत्रात असतील तर झटका छातीतून जातो. पडद्याच्या नळीत साठलेला भार यंत्र बंद केल्यावरही राहतो, तो रीतसर उतरवल्याशिवाय त्या बाजूला जायचं नाही. आणि आपल्या प्रयोगशाळांत एक घातक सवय आहे: मापात अडचण येते म्हणून स्कोपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायची. मग यंत्राचा सगळा पत्राच जिवंत होऊ शकतो. असा प्लग दिसला, की आप्पा आधी तो बदलतात, बाकीचं मागाहून.

चार ट्रान्झिस्टर, चारही सॉकेटमध्ये बसवलेले. खोक्याच्या खिडकीतून त्यांनी विणकामाची प्लॅस्टिकची सुई आत घातली आणि तिच्या टोकानं एकेकाला टिचकी मारायला सुरुवात केली. ठोकाठोक नाही. तबल्याची शाई तपासावी तितक्या हलक्या हातानं. पहिला, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्याला सुई लागली आणि रेघ उडी मारून खाली आली. पुन्हा टिचकी, पुन्हा वर. यंत्र बंद करून, निवल्यावर ट्रान्झिस्टर उपसला. त्याचे तिन्ही पाय काळपट होते. अल्कोहोलनं पुसले, परत बसवला, खोकं घातलं. तास गेला, दोन तास गेले. रेघ जागेवर.

"झालं की, आप्पा!" मी म्हणाले.

त्यांनी वहीत तीन रकाने भरले. चौथा भरला नाही.

अकरा दिवसांनी त्यांचा फोन आला. "ये, पाहुणे परत आलेत."

मला खरोखर वाईट वाटलं. आप्पा मात्र समाधानी दिसत होते, कारण दोष परत आला म्हणजे त्याला पुरतं ओळखायची संधी परत आली होती. या वेळी ट्रान्झिस्टरला न शिवता त्यांनी सुईनं सॉकेटच्या कडेला, बोर्डालगत दाबलं. रेघ हलली. मग पुठ्ठ्याला बोटाएवढं भोक पाडून, त्यातून हेअर ड्रायरची हवा फक्त त्याच जागी सोडली. अर्ध्या मिनिटात रेघ गेली. कापसाचा बोळा अल्कोहोलमध्ये भिजवून सॉकेटला लावला, ते उडून जाताना जागा थंड झाली, रेघ आली. गोठवणारा स्प्रे कपाटात होता, पण तो सगळा कोपरा थंड करतो आणि दमट हवेत त्याच्यामुळे बोर्डावर दव धरतं. मग खरा दोष कुठला आणि दवाचा कुठला हे कळत नाही. बोळा बरा.

बोर्ड उलटा केला. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि टेबलावरचा दिवा अगदी तिरका, जवळजवळ बोर्डाला समांतर. "सांग काय दिसतं," म्हणून त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. पहिल्यांदा मला चकचकीत डाखाच्या टेकड्याच दिसल्या, सगळ्या सारख्या. दिवा थोडा फिरवला. आणि मग सॉकेटच्या मधल्या पिनेभोवती, टेकडीच्या माथ्याजवळ, एक करड्या रंगाचं वर्तुळ. कुणी बारीक टाकानं काढावं तसं. एका बाजूला रेषा गडद, दुसऱ्या बाजूला पुसट. सुईनं सॉकेट पलीकडून हलवलं, तेव्हा पिनेचं टोक त्या वर्तुळाच्या आत स्वतंत्र हललं आणि डाख जागेवरच राहिला.

अकरा दिवसांपूर्वी ट्रान्झिस्टर उपसताना आणि बसवताना ही पीन थोडी सरकली होती आणि चिरेच्या कडा नव्यानं टेकल्या होत्या. काळे पाय पुसल्याचा गुण आला असं आम्हाला वाटलं. यंत्र दुरुस्त झालं नव्हतं, फक्त हललं होतं.

जुना डाख शोषून काढला, पीन खरवडून स्वच्छ केली, नवा दिला. हे काम पाच मिनिटांचं. शेजारच्या सॉकेटच्या सगळ्या पिना तिरक्या उजेडात बघितल्या, त्यात आणखी दोन वर्तुळं सापडली, अजून न उमटलेल्या दोषांची. तीही बुजवली, आणि वहीत त्यांची जागा नकाशा काढून नोंदली.

चहा घेताना आप्पांनी कपाटातून एक पुस्तक काढून दाखवलं. बॉब पीस या अमेरिकन इंजिनिअरचं, अॅनालॉग सर्किटांमधले दोष शोधण्यावरचं, १९९१ चं. पानं सुटी झालेली. पीस यांचे समकालीन जिम विल्यम्स हेही अॅनालॉग सर्किटांतलं मोठं नाव आणि जुन्या स्कोपांचे भक्त. विल्यम्स जून २०११ मध्ये गेले, आणि त्यांच्या स्मरणसभेहून परतताना पीस यांचा अपघाती मृत्यू झाला. विल्यम्स यांचं पसाऱ्यानं भरलेलं टेबल नंतर कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियमनं जसंच्या तसं मांडून ठेवलं. आप्पांनी ते टेबल फक्त फोटोत बघितलं आहे. त्या फोटोची प्रिंट त्यांनी पुस्तकात खुणेसाठी ठेवली आहे.

"आता तरी लिहा निकाल," मी म्हटलं.

"उन्हाळ्यात खोक्याखाली चाललं. आता पावसातही चालू दे."

विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या नव्या तारेनं त्यांनी अर्थिंग बदललं, आवरणाचे स्क्रू बसवले आणि स्कोप खिडकीजवळच्या फळीवर ठेवला. आषाढ गेला. श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, बाहेर सकाळपासून झड लागलेली असताना मी पुन्हा माडीवर गेले. स्कोप दुपारपासून चालू होता. भिंतींना ओल आली होती, वहीची पानं मऊ पडली होती. आम्ही पाऊण तास बसलो. चाळीस मिनिटं आली आणि गेली. रेघ पडद्याच्या मधोमध होती.

आप्पांनी आवरणावर हाताच्या तळव्यानं एक हलकी थाप दिली. रेघ हलली नाही. मग त्यांनी वही पुढे ओढली, एप्रिलमधलं पान काढलं आणि चौथ्या रकान्यात लिहिलं: 'मधली पीन, गोल चीर.'